रेडिओने चेष्टा करायला सांगितली

मध्य भारत नावाचं राज्य गेलं आणि आम्ही एका रात्रीत मध्य प्रदेशात आलो, तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत एकच विषय होता: कोणाची बदली भोपाळला झाली आणि कोणाची व्हायची आहे. कचेऱ्या चालल्या होत्या, त्यांची कपाटं चालली होती, कारकून चालले होते आणि कारकुनांबरोबर त्यांच्या मुली. दौलतगंजाजवळच्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेत सारखं कोणी ना कोणी दाखला मागायला यायचं. मी तेव्हा सातवीला भूगोल शिकवायची. नोकरी नवी, वय विशीतलं आणि डोकं लवकर तापणारं. घरचे म्हणायचे, हिला मास्तरीण केली ते बरं झालं, निदान ओरडायचा पगार तरी मिळतो.

त्या सुतकी वातावरणात मी एकटीच हवेत होते. शाळेला रेडिओ मिळणार होता.

सरकारने नव्या योजनेत ठरवलं होतं की देशातलं शिक्षण आता यंत्रांच्या मदतीने सुधारायचं. रेडिओ, चित्रपट्ट्या, भिंतीवर दिसणारे सिनेमे. जिथे शिक्षक पोचला नाही तिथे निदान त्याचा आवाज पोचवायचा. तसं एक छापील पत्रक आमच्याकडे आलं होतं आणि मी ते शिक्षिकांच्या खोलीत उभी राहून मोठ्याने वाचलं. भाषा भारी होती. ‘दृश्य-श्रव्य साधनों द्वारा शिक्षा’ हे शब्द ऐकल्यावर चित्रकलेच्या बाई वर न बघता म्हणाल्या, “शिक्षा तर आपण हातानेच देतो. त्याला यंत्र कशाला पाहिजे?” सगळ्या हसल्या. मी चिडले, कारण मला त्या पत्रकातला शब्द न् शब्द खरा वाटत होता.

त्याला कारण होतं. रेडिओ वापरायला शिकवण्यासाठी आम्हा काही जणींना थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं आणि तिथे मी पहिल्यांदा समुद्र ऐकला. मी एका बाजूला आग्रा आणि दुसऱ्या बाजूला झाशी, याच्या पलीकडे गेले नव्हते. समुद्र मी मुलींना निळ्या खडूने शिकवला होता. आणि तिथे एका लाकडी पेटीतून तो आला, आपटला, मागे सरला, पुन्हा आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की हे माझ्या मुलींनी ऐकलंच पाहिजे. या पेटीशिवाय आपला तास म्हणजे नुसती नद्यांच्या नावांची घोकंपट्टी, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

आमच्या मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. घराणं दक्षिणेतून दरबाराबरोबर आलेल्या पुरोहितांचं, पाठ ताठ आणि आवाज त्याहून ताठ. त्यांना रेडिओ नको होता.

“आज हा डबा हिंदीत बोलेल,” त्या म्हणाल्या. “उद्या पुस्तकं हिंदीत येतील. परवा मला सांगतील, बाई, तुम्ही पण हिंदीत ओरडा. माझ्याच्याने नाही होणार.”

“पाहून घेऊ ना बाई. सेट तर येऊ द्या.”

“येऊ दे. तसाही तो कायमचा थोडीच आहे.”

ते मात्र खरं होतं. सेट आम्हाला चाचणीपुरता दिला होता. सत्र संपायच्या आत शिक्षण खात्याचे साहेब येऊन पाहणार होते. उपयोग होताना दिसला तर सेट राहील, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाईल. मोठ्या बाईंना खात्री होती की मराठी शाळेत हिंदी रेडिओचा उपयोग शून्य. मी मनाशी म्हटलं, बघतेच.

सेट ठेल्यावरून आला. पेटी वेगळी, बॅटरी वेगळी. बॅटरी एवढी जड की शिपाई आणि मी मिळून ती उचलली तेव्हा दोघांच्याही तोंडून देवाचं नाव निघालं. एरियलची तार बांधायला शिपाई गच्चीवर चढेना, म्हणून पदर खोचून मी चढले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका काम सोडून बघत होत्या. त्यातली एक ओरडून म्हणाली, “बाई, पतंग अडकली का?” मी म्हटलं, “नाही, दिल्ली अडकवतेय.” मला त्या दिवशी कोणाचाच राग येत नव्हता.

पहिला पाठ नव्या प्रदेशाबद्दल होता. सातवीच्या मुली बाकांवर दाटीवाटीने बसल्या, कळ फिरवली, पेटी बराच वेळ घसा खाकरत राहिली आणि मग एक पुरुषी आवाज आला. काय हिंदी होती ती! प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. आमची हिंदी होती भाजीवालीची आणि टांगेवाल्याची. आमच्या मुली भांडायला लागल्या की मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायच्या, पण या हिंदीशी त्यांची तोंडओळखही नव्हती. मीही कान टवकारूनच बसले होते. तो आवाज प्रदेशाच्या सीमा सांगत गेला, नद्या सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, “बच्चियो, अब आप अपने नए प्रदेश के विषय में दो-चार वाक्य कहने की चेष्टा कीजिए। हम थोड़ी देर रुकते हैं।” आणि सतार वाजायला लागली.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. चेष्टा? ‘कोशिश’ म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, पण आमच्या घरांत चेष्टा म्हणजे एकच: कोणाची तरी टर उडवणं, आणि तीही जेवढी बेमालूम तेवढी उत्तम.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घराणं एके काळचं शिलेदारांचं, वडील आता पडावावर, म्हणजे बसच्या अड्ड्यावर, मोटारी दुरुस्त करायचे. लुकडी, काळीसावळी आणि शाळेतली एक नंबरची नकल्या. शिक्षिकांपैकी एकही तिच्या तावडीतून सुटली नव्हती.

“बाई, खरंच करायची?”

मलाही प्रश्नच पडला होता. पण रेडिओ सांगतोय, सरकार सांगतंय, आणि मला तर त्या पत्रकातला शब्द न् शब्द पाळायचा होता.

“सांगितलंय तर कर,” मी म्हटलं.

तिने हनुवटी छातीला टेकवली, गाल फुगवले आणि त्याच इस्त्रीच्या आवाजात सुरू झाली. “बच्चियो, मैं आपका नया प्रदेश हूँ। मैं इतना बड़ा हूँ कि मुझे ख़ुद पता नहीं मेरे पाँव कहाँ हैं। ऊपर चंबल है, बीच में नर्मदा है, वह पेट पर करधनी की तरह बँधी है। मेरी राजधानी भोपाल है, क्योंकि वहाँ ताल है। ग्वालियर में क्या था? ग्वालियर में फ़ाइलें थीं। वे हम ले आए।”

वर्ग कोसळला. नेमकी तेव्हाच सतार थांबली आणि रेडिओतला आवाज प्रसन्नपणे म्हणाला, “बहुत सुंदर। शाबाश, बच्चियो।” मग तर मुली बाकांखाली जायच्या बाकी राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

“हे काय चाललंय?”

मग नकल्याच म्हणाली, “बाई, रेडिओने चेष्टा करायला सांगितली.”

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडून त्यांचे खांदे हलत होते. सावरल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, चेष्टा म्हणजे प्रयत्न. धडपड. संस्कृतात पण तसंच आहे. त्या शब्दाची चेष्टा आपणच लोकांनी केली.” वर्गात खसखस पिकली. त्या जायला वळल्या, थांबल्या आणि नकल्याकडे बोट करून म्हणाल्या, “आणि ते पायांचं काय म्हणालीस? पुन्हा सांग.”

मला घरी गेल्यावर एक गोष्ट सुचली आणि मग काही केल्या स्वस्थ बसवेना. हसण्याच्या नादात लक्षात आलं नव्हतं, पण पोरीने सगळं बरोबर सांगितलं होतं. वर चंबल, मधे नर्मदा. मी नकाशावर काठी आपटून जे सांगायची ते तिच्या डोक्यात कधी राहिलं नाही, आणि चेष्टा करायची म्हटल्यावर एका ऐकण्यात राहिलं. दुसऱ्याची नक्कल करायची तर त्याचं बोलणं नीट ऐकावंच लागतं. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की रेडिओ एकटा शिकवत नाही, पाठाच्या आधी आणि नंतर शिक्षकाने काम करायचं. नंतर काय करायचं ते मला आता कळलं होतं.

तेव्हापासून रेडिओचा पाठ संपला की आमचा चेष्टेचा तास सुरू व्हायचा. नकाशाची घडवंची उभी करायची, एक मुलगी तिच्यामागे बसायची आणि ऐकलेला पाठ रेडिओच्या आवाजात, पण मराठीतून सांगायची. समोर पाचवीच्या मुली आणून बसवायच्या, कारण त्यांना तो पाठ नवा असायचा आणि समजलं नाही की त्या तोंडावर सांगायच्या. सातवीच्या बाकीच्या मुली चुका पकडायच्या. कोणी ‘उत्तर’ म्हणायच्या ऐवजी ‘दक्षिण’ म्हणाली की पेटीला शॉक बसला असं ओरडायच्या. घरी जाऊन त्या जेवणाच्या पंक्तीत पाठ लावायच्या. एका मुलीचे आजोबा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, “बाई, आमच्याकडे रोज संध्याकाळी छोटी रेडिओ बनून बसून जाते. मला तर आता कोळशाच्या खाणींचं सगळं येतं.” मी त्या दिवसांत शाळेत चालत जायची नाही, पळत जायची.

आणि एका दुपारी समुद्र आला. किनाऱ्यावरच्या बंदरांचा पाठ होता. लाट आपटली तशा सगळ्या मुली एकदम मागे सरकल्या. मग एकही हलली नाही. पाठ संपल्यावर त्या दिवशी कोणालाही चेष्टा करायची नव्हती. पाचवीतल्या एकीने हळूच विचारलं, “बाई, हा रात्री पण थांबत नाही?” नाही, मी म्हटलं. तिने मान हलवली, तिला तो विचार आवडला होता.

थंडी ओसरता ओसरता साहेब येणार असल्याचं कळलं. ते जबलपूरकडचे, नव्या राज्यात आमच्या भागात बदलून आलेले. मराठीचा गंध नाही. मोठ्या बाई आता रेडिओबद्दल काही बोलत नव्हत्या, पण मी पाहिलं होतं की पाठाच्या वेळेला त्या आमच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात काहीतरी काम काढायच्या. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं, “बॅटरी ठीक आहे ना?” मी ठीक आहे म्हटलं. “पुन्हा एकदा पाहून घे,” त्या म्हणाल्या.

साहेब आले. गोल चेहरा, जाड चष्मा, दौऱ्यांनी थकलेले. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि तो वर सारताना ते ‘हूँ’ म्हणायचे. पाठ चंबलच्या बिहडांचा होता, आमच्याच दाराशी असलेल्या त्या घळींचा: पाणी माती कशी खात जातं आणि शेतं कशी वाहून जातात. मुली शिस्तीत बसल्या होत्या. पाठ संपला आणि साहेबांनी सगळा वर्ग सोडून नेमकं नकल्याकडे पाहिलं.

“बेटी, जो सुना, उसे कहने की चेष्टा करो।”

मी खुणेने नाही, नाही म्हणत होते, पण ती माझ्याकडे बघेल तर ना. तिला सांगितलेलं तिने केलं. नाकावरचा नसलेला चष्मा वर सारला, ‘हूँ’ म्हणाली आणि साहेबांच्या त्या थकल्या, सावकाश आवाजात सुरू झाली. “हूँ। तो बात यह है, बेटी, कि पानी जो है, वह माटी को खाता है। पहले नाली बनती है। नाली को कोई नहीं पूछता। हूँ। फिर वह नाला बनती है। तब भी कोई नहीं पूछता। फिर दौरे पर साहब आते हैं, तब तक खेत जा चुका होता है।”

कोणी हसलं नाही. मुलींच्याही लक्षात आलं होतं की हे भलतंच झालं. माझ्या डोळ्यांसमोर ठेला आला आणि ठेल्यावर चाललेली पेटी. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मोठ्या बाई पुढे झाल्या. कधी नव्हे त्या हिंदीत बोलल्या. आमच्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, मुलीने आज्ञा कशी पाळली आणि हा आमच्या शाळेचा शिकवायचा प्रकारच कसा आहे, हे त्यांनी ताठ मानेने समजावून सांगितलं. लिंगाच्या चुका भरपूर झाल्या, पण कोणाची हसायची हिंमत नव्हती.

साहेबांनी नकल्याकडे पाहिलं. “मैं सच में ऐसे बोलता हूँ?”

“जी,” ती म्हणाली. “थोड़ा और धीरे।”

साहेबांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि असे काही हसले की व्हरांड्यातून शिपाई धावत आला. मग त्यांनी पाचवीच्या मुली आणायला लावल्या. पोरीने घडवंचीमागे बसून तोच पाठ मराठीत लावला. साहेब मुलींच्या बाकावर अंग चोरून बसले होते. त्यांना भाषा येत नव्हती, पण पाचवीच्या मुलींनी विचारलेले प्रश्न ते माझ्याकडून समजून घेत होते आणि मान डोलवत होते. मी जमिनीवर नव्हतेच. जिंकलो, मी मनात म्हणत होते, जिंकलो, पेटी आपली झाली.

शिक्षिकांच्या खोलीत चहा झाल्यावर साहेब म्हणाले, “इतना अच्छा काम मैंने कहीं नहीं देखा। मगर सेट ले जाना पड़ेगा।”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. हा सेट बॅटरीवरचा, खेड्यांसाठी बनवलेला, वाटपात चुकून शहरात आला. भिंडच्या बाजूला बिहडांच्या काठावर एक शाळा आहे. राज्यांच्या जोडतोडीत तिथल्या मास्तरची बदली झाली आणि नवा आलाच नाही. मोठी मुलं छोट्यांना शिकवतात. “आपके यहाँ तो आप हैं,” ते म्हणाले. “वहाँ कोई नहीं।”

मोठ्या बाई भडकल्या. उपयोग दिसला तर सेट राहील हा शब्द होता, तो सरकारने पाळावा, असं त्या म्हणाल्या. ज्या डब्याला त्या दारात उभं करायला तयार नव्हत्या, त्याच्यासाठी त्या साहेबांशी भांडत होत्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शब्द आहे हे त्यांनी मान्य केलं आणि ते माझ्याकडे वळले. “आप कहिए। आप कहेंगी तो छोड़ जाऊँगा।”

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. सरळ उचलून नेला असता तर मी आयुष्यभर सरकारला शिव्या देऊन मोकळी झाले असते. दाराआडून मुली बघत होत्या. नकल्या सगळ्यांच्या पुढे होती. जिथे शिक्षक पोचला नाही तिथे आवाज पोचवायचा, हे याच खोलीत मीच मोठ्याने वाचलं होतं आणि त्यावर हसणाऱ्यांवर चिडले होते. तेव्हा ते वाक्य माझ्यासाठी आहे असं मला वाटलं होतं. ते माझ्यासाठी कधीच नव्हतं.

“ले जाइए,” मी म्हटलं आणि तार सोडायला गच्चीवर गेले.

खाली आले तेव्हा मुली माझ्याशी बोलत नव्हत्या. फक्त नकल्या जवळ आली. “बाई, तिथे मुली आहेत का?”

“असतील ना.”

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “मी पण पडावापर्यंत येते.”

टांग्यात तिने पेटी मांडीवर घेतली. साहेबांच्या शिपायाला ती वाटभर बजावत होती: आवाज फार मोठा करायचा नाही, घरघर येते, काटा दोनच्या आकड्याच्या जरा अलीकडे ठेवायचा, छोट्या मुलांना पुढे बसवायचं. पडावावर बसचा क्लीनर पेटी टपावर टाकायला निघाला तेव्हा ती त्याच्या आडवी उभी राहिली. “ऊपर नहीं। गोद में रखो। इसमें समंदर है।” वडिलांमुळे तिथे सगळे तिला ओळखायचे. क्लीनरने मुकाट्याने पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि बस गेली.

आम्ही चालत परत निघालो. मला रडायला येत होतं. बिहडांच्या काठावर कोणी तरी पोर उद्या समुद्र ऐकून मागे सरकेल, या विचाराने छातीत धडधडतही होतं. मग उद्याची दुपार आठवली आणि ती धडधड विझली.

“बाई,” ती म्हणाली, “उद्या त्या वेळेला आपण काय करायचं?”

“काय करणार? मी शिकवेन आपली.”

ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “मग आम्ही रोज कोणाचं ऐकून बसतो? रेडिओ होता तेव्हा पण तुम्हीच तर शिकवत होता.”

यात कोणाचीच नक्कल नव्हती. ती तिच्या स्वतःच्या आवाजात बोलली होती.